घरातच उभारा गढी: नाईट थीमचा वाढदिवस, ढालीपासून सनदेपर्यंत

नाईट (knight), म्हणजे मध्ययुगीन युरोपातला चिलखत घातलेला योद्धा, या थीमचा वाढदिवस ठरला की घरात पहिली चर्चा तलवारींची होते. प्रत्येक मुलाला एक प्लास्टिकची तलवार दिली की थीम झाली, असं सगळ्यांना वाटतं. माझं मत ठाम वेगळं आहे. पार्टी ढालीभोवती बांधा. ढाल सजवण्यात मुलं पाऊण तास रमतात, प्रत्येकाला स्वतःचं चिन्ह मिळतं, आणि घरी जाताना रिटर्न गिफ्ट हातात तयार असतं. तलवार अख्ख्या पार्टीत एकच ठेवायची, आणि तीही मोठ्यांच्या ताब्यात.

ठाण्यातल्या दोन बेडरूमच्या घरात, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी हे कसं जमवायचं ते पुढे सांगते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहत असाल किंवा नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये, फरक फक्त पळापळीच्या खेळांच्या जागेचा पडतो.

आधी गोष्ट पक्की करा

मध्ययुगीन युरोपात सरदार घराण्यातला मुलगा साधारण सातव्या वर्षी दुसऱ्या सरदाराच्या गढीत राहायला जाई. तिथे तो ‘पेज’ असे. पंक्तीत वाढायचं, निरोप पोचवायचे, रीतभात शिकायची. चौदाच्या सुमारास तो ‘स्क्वायर’ होई. मग घोड्याची निगा, चिलखत घासूनपुसून ठेवणं, आपल्या नाईटला ते अंगावर चढवायला मदत करणं ही कामं त्याच्याकडे येत. विशीच्या आसपास, लायकी दिसली तर, त्याला विधिपूर्वक नाईटपद दिलं जाई.

अडीच तासांची पार्टी याच तीन पायऱ्यांवर बसवा. दारातून आत येणारं प्रत्येक मूल पेज. ढाल पूर्ण झाली की स्क्वायर. खेळ आणि पहारा पार पडला की नाईट. मुलांना हे सुरुवातीलाच दोन मिनिटांत सांगून टाका. पुढे काय मिळवायचंय हे कळलं की ‘आता काय करू?’ असं कुणी विचारत नाही.

मुलींना परस्पर राजकन्या करून टाकू नका. १४२९ साली फ्रान्समधल्या ऑर्लेआं शहराचा वेढा उठवायला गेलेली जोन ऑफ आर्क किशोरवयीन मुलगी होती, आणि तिच्यासाठी अंगाच्या मापाचं चिलखत बनवून घेतलं होतं. कुणाला राजकन्या व्हायचं असेल तर जरूर होऊ दे, पण ढाल तिलाही द्या.

पाहुणे, वेळ, निरोप

दहा मुलं पुरे. बारा झाली तर हॉलमधला सोफा आणि टीपॉय बेडरूममध्ये हलवावा लागेल. बिल्डिंगमधली, शाळेतली आणि नातेवाइकांची मुलं एकाच दिवशी बोलावण्याचा मोह टाळा. आजी-आजोबा, काका-काकूंसाठी रात्रीचं जेवण वेगळं ठेवा, म्हणजे पार्टीच्या वेळी घरात मोठी माणसं कामापुरतीच असतील. तीन मोठे लागतात: एक ढालीच्या कामाला, एक खेळांना, एक स्वयंपाकघरात.

रविवारी पाच ते साडेसात ही वेळ उत्तम. व्हॉट्सअपवर निमंत्रण पाठवताना चार गोष्टी आठवणीने विचारा: शेंगदाणे, बदाम, काजू किंवा दूध यांतलं काही वर्ज्य आहे का, अंडं चालतं का, जैन जेवण लागेल का, आणि मुलाला न्यायला कोण येणार. जून ते सप्टेंबरमध्ये वाढदिवस असेल तर बाहेरच्या जागेवर विसंबू नका, सगळे खेळ घरात बसतील असेच ठरवा. एरवी पोडियम किंवा पार्किंगची मोकळी बाजू वापरायची असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आठवडाभर आधी सांगा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही आधीच कळवलेलं बरं.

ढाल

सगळ्यात जास्त वेळ आणि लक्ष इथे घाला.

पुठ्ठा विकत आणायची गरज नाही. ऑनलाइन सामानाची खोकी साठवत जा, वाण्याकडे मागा, बिल्डिंगमध्ये कुणी नवीन राहायला आलं असेल तर वॉचमनला सांगून ठेवा. घडी न पडलेला, जाडसर पुठ्ठा निवडा. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नका. महाराष्ट्रात २०१८पासून आणि देशभर १ जुलै २०२२पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्याही त्याच बंदीत येतात.

आकार असा काढा. पुठ्ठ्यावर ३६ सेंमीची आडवी रेघ मारा, ही ढालीची वरची कड. तिच्या दोन्ही टोकांपासून १२ सेंमी सरळ खाली या आणि तिथे अ आणि ब अशा खुणा करा. आता ३६ सेंमीची सुतळी घ्या. एक टोक अ वर दाबून धरा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून ब पासून खाली कंस काढा. मग ब वर धरून अ पासून काढा. दोन्ही कंस खाली मधोमध भेटतात आणि टोकदार ढाल तयार होते, उंची साधारण ४३ सेंमी. एक नमुना कापून घेतला की बाकीच्या त्याच्यावरून आखता येतात. कटर मोठ्यांनीच चालवायचा, तोही मुलं झोपल्यावर.

मागे धरायला पायजम्याची रुंद नाडी किंवा इंचभर रुंदीचं इलॅस्टिक लावा. जांभळी नाक्याच्या बाजारात दोन्ही मीटरवर मिळतं. साधारण बारा सेंमी अंतरावर दोन पट्ट्या: एकीतून हात कोपराच्या जरा पुढपर्यंत जातो, दुसरी मुठीत येते. पुठ्ठ्याला चिरा पाडून पट्टी ओवा आणि पुढच्या बाजूने टेपने पक्की करा. गाठी पुढे आल्या तर वरचा कागद नीट चिकटत नाही, म्हणून टोकं सपाट ठेवा.

इथवरचं काम पार्टीच्या आधी आठवडाभरात, रोज थोडं थोडं करून संपवायचं. मुलांनी करायचं ते पुढचं: चिन्ह.

बाराव्या शतकापासून युरोपात ढालीवर घराण्याचं चिन्ह काढायची पद्धत रुजली. डोक्यावर शिरस्त्राण, तोंड झाकलेलं, अशा वेळी कोण कोणाकडचा हे लांबून कळायला रंग उपयोगी पडत. त्या रंगांना नियम होता आणि तो मुलांना फार आवडतो. दोन ‘धातू’: सोनं म्हणजे पिवळा, चांदी म्हणजे पांढरा. पाच मुख्य ‘रंग’: लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. धातूवर रंग ठेवायचा किंवा रंगावर धातू. रंगावर रंग नाही, धातूवर धातू नाही. निळ्यावर काळा सिंह लांबून दिसणारच नाही, पिवळ्यावर काळा लगेच उठून दिसतो. महामार्गावरच्या हिरव्या पाट्यांवर पांढरी अक्षरं असतात ती याच कारणाने.

पोस्टर कलर वापरू नका. अडीच तासांत ते नीट वाळत नाहीत, आणि रंगाचे हात भिंतीला लागतात. घोटीव कागद आणा, सातही रंगांचे. ढालीच्या मापाचे पूर्ण कागद आधीच चिकटवून ठेवा, म्हणजे मुलाने फक्त ‘मला निळी’ म्हणायचं. वरून चिकटवायला तयार तुकडे कापून ठेवा: उभा पट्टा, आडवा पट्टा, तिरपा पट्टा, घराच्या छपरासारखा कोन, क्रॉस, चांदणी, चंद्रकोर. चिकटवायला ग्लू स्टिकच घ्या. फेव्हिकॉलने कागद ओला होऊन सुरकुततो.

प्राण्यांसाठी सिंह आणि गरुडावर थांबू नका. आपल्याकडे येऊरच्या जंगलात बिबट्या आहे. ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, २०१५पासून तिथे त्यांचं अभयारण्य आहे. खेकडा, बगळा, पापलेट, कडुनिंबाचं पान, काहीही चालेल. इंग्लंडच्या राजचिन्हावरचे तीन सिंहही त्यांच्या राजाने निवडले आणि मग पिढ्यान् पिढ्या चालले, तसं तुझं चिन्ह तू निवड, असं मुलाला सांगा. रोहित गुलाबी आणि नियमात गुलाबी नाही, मग पांढऱ्यावर लाल रोहित करा. असे पेच मुलं स्वतः सोडवतात, तुम्ही मध्ये पडू नका. एखादीला जांभळ्यावर हिरवाच हवा असेल तर लावू द्या. फक्त हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ‘इथून मला काय दिसतंय सांगू?’ असं विचारा, बहुतेक वेळा ती स्वतःच बदलते.

अंगावर काय

ठाण्याच्या दमट हवेत फॉइलची चिलखतं दहा मिनिटंही टिकत नाहीत आणि आत मुलं घामाघूम होतात. पंधराव्या शतकातलं संपूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असे. मुलांना ते सांगा, गंमत वाटते, पण घालायला सुती झगाच द्या. नाईटसुद्धा कड्यांच्या चिलखतावर बिनबाह्यांचा कापडी झगा घालत. जुन्या चादरीचा ४० सेंमी रुंद आणि सव्वा मीटर लांब तुकडा घ्या, मधोमध डोकं जाईल एवढी चीर, कमरेला नाडी. लांबी गुडघ्याच्या वरच ठेवा, नाहीतर पळताना पाय अडकतो. शिवण नको, कात्रीच्या कडा तशाच राहिल्या तरी चालतं.

गढी

पूर्ण किल्ला बांधायच्या फंदात पडू नका. एक दरवाजा पुरतो. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं मोठं खोकं मिळालं तर त्यातून बेडरूमच्या दाराला बाहेरून चौकट करा. वर चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दातेरी कंगोरे, कापा, दोन बाजूंना बुरूज, मध्ये कमान. खालच्या अर्ध्या भागाला सुतळी बांधून खाली पडणारा पूल केला तर मुलं त्यावरून पन्नास वेळा ये-जा करतील, म्हणून तो दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवून जाड करा. घराच्या मुख्य दाराला मात्र असलं काही लावू नका, ते मोकळंच राहायला हवं.

दगडांसाठी काळा-पांढरा रंग कालवून करडा करा आणि भांडी घासायच्या स्पंजाचा आयताकृती तुकडा बुडवून ठसे मारा. हे काम वाढदिवसाच्या बाळालाच द्या. दिवाळीत खाली किल्ला करणाऱ्या मुलांना तट, बुरूज, खंदक सांगावं लागत नाही, हात आपसूक चालतात.

शक्य असेल तर आधीच्या एखाद्या रविवारी मुलाला वसईच्या किल्ल्यात नेऊन आणा. तो पोर्तुगीजांचा, तोफांच्या काळातला, म्हणजे नाईटांच्या नंतरचा. पण युरोपीय पद्धतीचे बुरूज आणि दरवाजे प्रत्यक्ष बघता येतात. आपल्या ठाण्याचं मध्यवर्ती कारागृहही जुन्या पोर्तुगीज किल्ल्यातच आहे. १७३० साली त्यांनी तो बांधायला घेतला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. रिक्षातून जाताना एवढं सांगितलं तरी मुलं त्या भिंतींकडे वळून वळून बघतात.

बसायला गोल

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या जुन्या दरबारगृहात भिंतीवर एक प्रचंड गोल मेज टांगलेलं आहे, तेराव्या शतकातलं, साडेपाच मीटर व्यासाचं. गोष्टीतल्या राजा आर्थरच्या गोल मेजाची ती प्रतिकृती. तुम्ही सतरंज्या गोल अंथरा. गोलात कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, त्यामुळे बर्थडे बॉयच्या शेजारी कोण बसणार यावरून होणारी भांडणं कमी होतात. ढालीचं काम आणि जेवण दोन्ही इथेच.

खेळ तीनच

पहिला, कड्यात भाला. घोडदौडीत टांगलेल्या कड्यातून भाला काढायचा हा खरा मध्ययुगीन सराव होता. पुठ्ठ्याची १५ सेंमी भोक असलेली कडी कापा, पडद्याच्या रॉडला लोकरीने मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर लटकवा. लोकर आणि कडं कागदी क्लिपने जोडा, म्हणजे धक्का बसताच कडं सुटून भाल्यावर येतं. भाला म्हणजे चार-पाच वर्तमानपत्रांची घट्ट सुरळी, पुढच्या टोकाला कापडाचा गोळा करून बांधलेला. भाला काखेत धरायचा आणि वेगाने चालत जायचं. एका वेळी एकच मूल, आणि कड्यापलीकडे कुणी उभं राहायचं नाही. घोडा हवाच असेल तर जुन्या मोज्यात चिंध्या भरून तोंड करा आणि केरसुणीच्या जुन्या दांड्याला बांधा. असा एक घोडा सगळ्यांना पुरतो.

दुसरा, तट पाडणं. बुटांच्या खोक्यांची भिंत रचा आणि दोन मीटरवरून कागदाचे बोळे मारायला द्या. खरी तटबंदी फोडायला लांब दांड्याच्या टोकाला गोफण लावलेली यंत्रं असत, त्यातून दगड भिरकावत. मुलांना भिंत पाडण्याइतकीच ती पुन्हा रचण्यात मजा येते, म्हणून दोन गट करा: एक पाडणार, एक रचणार, मग अदलाबदल.

तिसरा खेळ सर्वात महत्त्वाचा, मूक पहारा. नाईटपदाची आदली रात्र उमेदवार प्रार्थनागृहात जागून काढत. इथे मुलांनी ढाल मांडीवर घेऊन गोलात दोन मिनिटं गप्प बसायचं. दिवे मंद करा, पंखा चालू ठेवा. पळापळीनंतर श्वास खाली बसतो आणि पुढचा विधी गोंधळाशिवाय होतो. हा खेळ गाळू नका. कुणी हसलं तर बाद करू नका, पुन्हा पहिल्यापासून मोजा.

औक्षण आणि नाईटपद

इथे आपली रीत आणि त्यांची रीत छान जुळते. नाईटपदाआधी उमेदवाराला विधिपूर्वक स्नान घालत. ब्रिटनचा १७२५ सालचा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ हा किताब त्याच प्रथेवरून आहे. आपल्याकडे वाढदिवसाला सकाळी तेल लावून आंघोळ असतेच, तेव्हाच मुलाला हे सांगा.

संध्याकाळी पहारा संपला की आधी औक्षण. पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. आजी असतील तर त्यांनीच ओवाळावं. निरांजन बाजूला नेलं की मग तलवार काढा. एका मुलाला गुडघ्यावर बसवा, पुठ्ठ्याच्या तलवारीचा सपाट भाग हलकेच आधी उजव्या, मग डाव्या खांद्याला लावा, आणि त्याचं नाव आणि चिन्ह मोठ्याने पुकारा: ‘लाल रोहिताची ढाल असलेली शूर नाईट…’ प्रत्येक मुलासाठी एक खरी गोष्ट बोला, त्या संध्याकाळी तुम्ही पाहिलेली. कुणी कागद वाटून घेतला, कुणी पडलेली भिंत पुन्हा रचून दिली. म्हणून मोठ्यांपैकी एकाने खेळ चालू असताना नोंद ठेवायची. वाढदिवसाच्या मुलाला शेवटी घ्या.

लगेच सनद द्या. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, त्यावर असा मजकूर: ‘आजपासून ______ यांस ______ गडाचे नाईट नेमण्यात येत आहे. त्यांनी दुबळ्यांना साह्य करावे, खरे बोलावे व वाटून खावे.’ गडाला तुमच्या बिल्डिंगचं नाव द्या. खाली लाखेची मोहर हवी असेल तर आदल्या दिवशी मोठ्यांनी करून ठेवा. स्टेशनरीच्या दुकानात लाखेच्या कांड्या मिळतात, ठशाला जुनं नाणं चालतं. नावं हाताने लिहा, छापू नका.

मेजवानी

त्या काळच्या युरोपात बटाटा, टोमॅटो, मिरची, मका यांतलं काहीच नव्हतं, हे सगळं अमेरिका खंडातून नंतर आलं. म्हणून बटाटेवडा रद्द करू नका, मुलांना तोच हवा असतो. पण एक गोष्ट जरूर करा: तेव्हा शिळ्या पावाच्या जाड कापावर जेवण वाढत, ताटाऐवजी. लादी पाव आडवा कापून किंचित भाजा, त्यावर वडा किंवा उसळ वाढा, आणि हे सांगा. ताट खाऊन टाकायची कल्पना मुलांना विलक्षण आवडते. गोडाला तांदळाची खीर द्या. तांदूळ, बदामाचं दूध आणि साखर घालून केलेले पदार्थ त्यांच्या मेजवानीतही असत. बदाम कुणाला चालत नसतील तर साध्या दुधाची करा. प्यायला कोकम सरबत, स्टीलच्या पेल्यांत.

केकसाठी महागड्या ऑर्डरची गरज नाही. जवळच्या बेकरीतून साधा चौकोनी केक आणा, चार कोपऱ्यांत आइस्क्रीमचे कोन उलटे ठेवा, ते बुरूज. बोर्बन बिस्किटाचा दरवाजा, कडेने वेफर बिस्किटांचे तुकडे म्हणजे चर्या. कोन दमट हवेत लवकर मऊ पडतात, म्हणून कापायच्या अर्धा तास आधीच लावा. मेणबत्त्या कोनांपासून लांब, मधोमध ठेवा, आणि झगे व कागद त्या वेळी दूर असू द्या.

निघताना आणि दुसऱ्या दिवशी

साडेसातला पालक येऊ लागले की ढाली भिंतीला ओळीने लावून ठेवा, प्रत्येकाने आपली ओळखून घ्यायची. मागे पेनने नाव लिहिलेलं असू द्या, दोन मुलांचे बिबटे हमखास सारखे दिसतात. गढीचा दरवाजा लगेच मोडू नका. घरातलं मूल आणखी आठवडाभर त्यातून ये-जा करणार. नंतर टेप आणि नाड्या काढून पुठ्ठा सपाट घडी करा आणि सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीवाल्याला द्या. तलवार मात्र कपाटावर ठेवून द्या, पुढच्या वाढदिवशी बिल्डिंगमधल्या कुणाला तरी ती मागायला यावंच लागतं.